पाटावरचा बर्फ

बर्फ मोजायला जेवणाचा पाट वापरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला, माझ्या मुलाच्या शेजारच्या घरात ते राहत. दोन्ही घरांच्या मागे लाकडी फळ्यांचे ओटे होते आणि मध्ये कमरेएवढं कुंपण. सकाळी मी चहा घेऊन मागच्या काचेच्या दाराशी बसले की ते दिसायचे. अंगात झब्बा, त्यावर जाड कोट, डोक्याला माकडटोपी, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. हा वेश दिवाळीपासून चढायचा. तेव्हा बाहेर चांगलं ऊन असायचं आणि आमचा नातू अर्ध्या चड्डीत सायकल चालवत असायचा.

ओट्याच्या मधोमध तो पाट. सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला, खाली दोन जाड पट्ट्या. त्यांच्या आईनं दिलेला. त्या पाटावर बसून त्यांची मुंज लागली होती. तिकडे जमिनीवर बसून कुणी जेवत नाही, म्हणून पाट रिकामा होता, आणि रिकामी वस्तू त्यांना बघवत नसे.

त्यांचं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना काका म्हणत. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी भाऊसाहेब म्हणायची आणि ते मला ताई म्हणत. तीस वर्षं त्यांनी पुलांची मापं काढण्याची नोकरी केली होती. ती सुटल्यावर आभाळाच्या मागे लागले. खरं तर नोकरीत असल्यापासूनच लागले होते, फक्त दिवसाचे आठ तास पुलांना द्यावे लागत.

त्यांच्याकडे एकोणीस वह्या होत्या, एका हिवाळ्याला एक. कुणाचाही फोन आला की पहिलं वाक्य, "तुमच्याकडे काय दिसतंय?" तब्येत, मुलंबाळं हे सगळं नंतर, आणि आभाळ निरभ्र असेल तर नाहीच. कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला त्यांचा सख्खा पुतण्या होता. त्यानं एकदा जानेवारीत सांगितलं, काका, मस्त ऊन आहे, टी-शर्टवर बसलोय. यांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "चांगला मुलगा आहे. पण त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही."

मी तिकडे गेले ते दोन हजार तीन सालच्या दिवाळीच्या आधी, सहा महिन्यांसाठी. पाडव्याला त्यांच्या तळघरात गावातली मराठी मंडळी फराळाला जमायची. फराळ मात्र लगेच मिळत नसे. आधी ते हिवाळ्याचं फल वाचत. आपल्याकडे गुढीपाडव्याला पंचांग वाचतात ना, पावसाच्या नक्षत्रांना वाहनं सांगतात, म्हैस, बेडूक किंवा हत्ती असला तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असला तर बेताचा, तसंच. फक्त पावसाऐवजी बर्फ. पुढ्यात संगणकावरून काढलेले रंगीत नकाशे, आईची पाऊस-नक्षत्रांची जुनी वही, आणि आपला डावा गुडघा, असे तीन आधार घेऊन ते बसायचे. तीस-चाळीस माणसं चकलीकडे बघत ऐकायची.

"दुसरं वादळ," त्यांनी वाचलं. "जानेवारीचा शेवटचा आठवडा. वाहन म्हैस. नैऋत्येकडून येते, ईशान्येस जाते, वायव्येस पाहते. काळं वस्त्र नेसली आहे, हातात मीठ आहे. म्हणून या वर्षी मीठ महाग होईल."

मीठ म्हणजे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकतात ते. त्यांच्या गॅरेजात त्याच्या पोत्यांची छतापर्यंत थप्पी होती. गाडी बाहेर उभी असायची.

पुण्याचा एक पोरगेला इंजिनियर म्हणाला, "काका, पर्सेंटेज सांगा ना. मला फ्लाइट बुक करायचीय यार."

"म्हशीला पर्सेंटेज नसतं," ते म्हणाले.

मी मुलाला हळूच विचारलं, यांचं कधी खरं ठरतं का? मुलगा म्हणाला, "आई, काकांचं सायन्स एकदम स्ट्राँग आहे. फक्त रिझल्ट चुकतो." आदल्या हिवाळ्यात त्यांनी कोल्हा सांगितला होता, आणि मांडीपर्यंत बर्फ पडून मुलाची गाडी दोन दिवस सापडली नव्हती. लोकांनी जाब विचारला तेव्हा काका म्हणाले होते, "कोल्हा लबाड असतो." यावर शिकलेल्या माणसांनी माना डोलावल्या होत्या. मी चौथी शिकलेली. हे ऐकून मला तिथंच हसू आवरलं नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात राहिले.

त्यांचं खरं वैर विमानतळाशी होतं. विमानतळ तिथून जवळ. तिथले हवामानवाले दर वादळानंतर किती इंच पडला ते जाहीर करत, आणि तो आकडा यांच्या आकड्यापेक्षा दर वेळी दोन इंचांनी कमी भरायचा. एकोणीस वर्षं. यांचं म्हणणं असं, की विमानांच्या गरम वाऱ्यानं तिथला बर्फ वितळतो आणि ते आळशी लोक उरलेला मोजतात. त्यांनी हवामान कचेरीला अकरा पत्रं लिहिली होती. एकदा उत्तर आलं. आभार मानले होते आणि बर्फ कसा मोजावा याची चित्रांची पुस्तिका जोडली होती. त्यांनी ती उघडली नाही. "मला शिकवतात," म्हणाले, आणि पुस्तिका हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. टेबल हलायचं थांबलं, एवढं खरं.

त्यांची बायको कमी बोलणारी. आदल्या वर्षी दारातल्या बर्फावर पाय घसरून तिचं मनगट मोडलं होतं. आत सळी होती. थंडी पडली की हात छातीशी धरून कामं करायची. मुलगी टेक्सासमध्ये, शुगर लँडला डॉक्टर. ती दोघांना कायमचं बोलवत होती. बायकोला जायचं होतं, यांना नव्हतं. त्या पाडव्याला सगळे गेल्यावर मी भांडी विसळायला थांबले होते. बाईनं नळ बंद केला आणि माझ्यादेखतच विचारलं, "म्हैस म्हणजे किती?"

"आठ इंच. आठच्या वरच," ते म्हणाले.

"आठ पडला तर मी टेक्सासचं नाव काढणार नाही. मरेपर्यंत इथं राहीन. कमी पडला तर मार्चमध्ये घरापुढे विक्रीची पाटी लागेल."

"मान्य. मोजणार मी."

"तुम्ही नाही."

"मग काय ते विमानतळवाले?"

"ताई मोजतील," ती म्हणाली.

मी काही म्हणायच्या आत ठरलं. मला त्यात विशेष वाटलं नाही. कराडला मी चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले. पाव इंच चुकला तर बाईचा हात बाहीत जात नाही, आणि हात गेला नाही की बाई घरी येऊन सांगते. माझा टेप माझ्या पर्समध्ये असतो, अमेरिकेतही होता.

डिसेंबरातलं पहिलं वादळ येऊन गेलं, त्यावर काही लावलेलं नव्हतं. संक्रांतीनंतरच्या शनिवारी मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं, शाळेचा हॉल घेऊन. आठवडाभर आधी काकांनी मध्येच एक बेडूक जाहीर केला. पाडव्याच्या फलात तो नव्हता, पण गुडघ्यात आला म्हणाले. मंडळाच्या बाईनं सगळ्यांना मेल पाठवली, हळदीकुंकू कॅन्सल केलं आहे. मग झाली दुधाची खरेदी. तिकडे बर्फ येणार म्हटलं की माणसं दूध, पाव आणि संडासातले कागद आणायला धावतात. आपल्या लोकांनी ही चाल उचलली आहे, पाव सोडून. प्रत्येक घरात तीन-तीन कॅन दूध. शनिवार उजाडला तो लख्ख. इतकं ऊन की सुनेनं खिडक्या उघडल्या. संध्याकाळपर्यंत घरोघर बासुंदी आटत होती, कारण एवढ्या दुधाचं दुसरं काय करणार. त्या आठवड्यात अ‍ॅशबर्नमधल्या मराठी माणसांची साखर वाढली ती न पडलेल्या बर्फामुळे.

लोक हसले. एकीनं तर वाणात प्लास्टिकचा बेडूक वाटायचं काढलं होतं. ते मात्र दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "बेडूक उडी मारून गेला, ताई. त्याचा स्वभावच तो. म्हैस बसणारा प्राणी आहे."

मी म्हटलं, "आणि नाही बसली तर?"

ते नकाशाचा कागद घड्या करून खिशात ठेवत राहिले. मग म्हणाले, "तिथं टेक्सासला बारा महिने उकाडा. सकाळी उठून मी बघू काय?"

"मी इथं तीन महिने भिंत बघतेय," मी म्हटलं. "मेले नाही."

त्यांना ते आवडलं नाही. पण ‘मी बघू काय’ हे त्यांनी नकाशाशिवाय बोललेलं एकच वाक्य मला आठवतं.

म्हैस आली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, रविवारी दुपारी आभाळ खाली उतरलं आणि भुरभुर सुरू झाली. नातू खिडकीला नाक लावून म्हणाला, "आजी, इज धिस द बफेलो?" शाळा बंद व्हावी म्हणून त्यानं पायजमा उलटा घातला होता. तिकडच्या पोरांची ती रीत आहे. शेजारी काका दर अर्ध्या तासानं ओट्यावर येऊन पाटाकडे बघून जात होते. हात लावत नव्हते. नियम म्हणजे नियम. बायको आतून पडदा सारून आभाळाकडे बघायची आणि पडदा ओढायची. तिला बर्फ थांबायला हवा होता, यांना पडत राहायला. एका छपराखाली दोघंही एकाच ढगाकडे डोळे लावून होते.

सोमवारी सकाळी बर्फ थांबला. शाळा बंद. मी मुलाचे बूट घातले, सुनेचा कोट चढवला आणि पर्स घेऊन शेजारी गेले. ओट्यावर ते तयार उभे होते, हातात स्टीलची लांब पट्टी. बायको काचेच्या दारात, मोडका हात शालीत.

"आधी मी रीत दाखवतो," ते म्हणाले. "मग तुम्ही मोजा."

त्यांनी पाटासमोरचा बर्फ खुरप्यानं बाजूला केला, ओट्याच्या फळ्या दिसेपर्यंत. मग पट्टी फळीवर उभी केली, पाटाच्या कडेला टेकवली, आणि पाटावरच्या बर्फाच्या माथ्याशी डोळा लावून वाचलं.

"साडेनऊ," त्यांनी सांगितलं. "म्हैस. पूर्ण म्हैस."

मी पट्टीकडे बघितलं. मग पाटाकडे बघितलं. पाटाखाली दोन पट्ट्या, वर फळी. मी टेप काढला, त्याचं टोक पाटाच्या फळीवर टेकवलं आणि वर ओढला. सव्वासात.

"टेप ताणलाय तुमचा," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातली स्टीलची पट्टी घेतली आणि पाटाच्या फळीवर उभी केली. तीही सव्वासात सांगू लागली. मग मी नुसता पाट मोजला, खालच्या फळ्यांपासून. सव्वादोन इंच.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "तुम्ही पाट कशाला मोजलात?"

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मी सांगितलं, माणसाला स्टुलावर उभं करून त्याची उंची जमिनीपासून धरावी तसं झालंय हे. तेव्हा कळलं. मी त्यांचा चेहरा बघितला. एखाद्या पुलाचं माप चुकलं असतं तर तो असाच झाला असता. तीस वर्षं या माणसानं पूल मोजले होते, आणि ते पूल अजून उभे आहेत, याचं मला त्या क्षणी नवल वाटलं.

मग ते माझ्या जवळ आले आणि बायकोला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "ताई, पाट आमचाच आहे. धरला तर काय बिघडलं?"

"मी ब्लाउजच्या मापात खुर्ची धरत नाही."

"एकोणीस वर्षं धरलाय."

"एकोणीस वर्षं चुकलात."

दारातून बाईनं विचारलं, "ताई, किती?"

आता इथं कुणी लिहील की माझ्या जिवावर आलं. तसं काही झालं नाही. पाऊण इंच कमी पडला होता, आणि तो मी पाडला नव्हता. मी सव्वासात म्हणून सांगितलं आणि टेप गुंडाळला. बाईनं मान हलवली आणि आत जाऊन चहा टाकला. आनंद दाखवला नाही, हे तिचं मला आवडलं. चहा तिघांनी प्यायला. त्यांनी साखर घातली नाही, किंवा घालायचं विसरले.

नंतरचे तीन दिवस ते ओट्यावर दिसले नाहीत. एकोणीस वह्या काढून लाल शाईनं प्रत्येक आकड्यातून सव्वादोन वजा करत बसले होते, बाईनं सांगितलं. वजा केल्यावर प्रत्येक आकडा विमानतळाशी जुळत गेला, बोटभरसुद्धा फरक राहिला नाही. काही जुन्या नोंदी मुळातच सव्वादोन इंचांच्या होत्या. त्या दिवशी बर्फ पडलाच नव्हता. त्यांनी नुसता पाट मोजून तारखेसकट लिहून ठेवला होता.

चौथ्या दिवशी त्यांनी हवामान कचेरीला बारावं पत्र लिहिलं. मला कुंपणावरून वाचून दाखवलं, मराठीत सांगून. त्यात माफी नव्हती. एकोणीस वर्षांच्या तपासणीनंतर आपल्या कचेरीचे आकडे बरोबर असल्याचं आढळून आलं आहे, असेच चालू ठेवावे, असं होतं.

मार्चमध्ये पाटी लागली. मंडळानं त्यांना निरोप दिला, जेवणात मुद्दाम बासुंदी केली. लोक हसले, तेही हसले, पण वाटी तशीच ठेवली. मी एप्रिलमध्ये परत निघाले त्या दिवशी ते खोकी बांधत होते. मी माझा टेप त्यांना देऊन टाकला. कराडला टेप मिळतात. ते म्हणाले, "तिथं मोजू काय याच्यानं?" मी म्हटलं, तुमची कंबर मोजा, टेक्सासला सगळे गाडीतच बसतात असं ऐकलंय.

त्याच वर्षीच्या नाताळात कराडला माझा फोन वाजला. इकडे संध्याकाळ, मी दिवा लावत होते. तिकडे सकाळ.

"ताई," ते म्हणाले, "इथं बर्फ पडलाय."

मी म्हटलं, शुगर लँडला पडत नाही ना? ते म्हणाले, इथल्या म्हाताऱ्या माणसांनाही असा आठवत नाही. रस्त्यावर सगळी पोरं आहेत, कुणाकडे फावडं नाही, मीठ नाही, कुणी दूधसुद्धा आणून ठेवलं नव्हतं.

"किती?" मी विचारलं.

"दीड इंच. तुमच्या टेपनं. पाट न धरता."

"आणि दिवाळीला फल काय वाचलं होतंत?"



"या वर्षी वाहन नाही, असं वाचलं होतं. बर्फ शून्य. पन्नास माणसांसमोर."

"म्हणजे पुन्हा चुकलात."

"साफ चुकलो," ते म्हणाले. इतका खूश झालेला त्यांचा आवाज मी अ‍ॅशबर्नला सहा महिन्यांत ऐकला नव्हता.

मी विचारलं, पाट कुठे आहे मग? टाकला की काय?

"पाट हिच्या बुडाखाली आहे," ते म्हणाले. "उजाडल्यापासून दारात टाकून बसलीय, बर्फ बघत. चहासुद्धा तिथंच मागवला. उठायला तयार नाही."

"नकाच उठवू तिला," मी म्हटलं. "उठली की तुम्ही पाट घेऊन अंगणात जाल."